एक चांदणी कमी

"काटा लावू काय, मालक?" पिराजी भंगारवाल्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खालच्या फळीवरची हॉर्नची पेटी पुढं ओढली.

शिवलीला हातातला चहा तसाच टाकून उठली.

"हात काढ."

पिराजीनं हात काढला. त्याची सारी हयात भंगार गोळा करण्यात गेली होती. कुठं हुज्जत घालायची आणि कुठं गप्प बसायचं हे त्याला बरोबर कळायचं. त्यानं नुसतं शिवशरणकडं बघितलं. शिवशरण म्हणजे शिवलीलाचा धाकटा दीर. तो मोबाइलच्या काचेच्या कपाटामागून बाहेर आला.

"वैनी, मीच बोलावलंय त्येला."

"मग तुमीच त्येला चा पाजा आनि लावून द्या."

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं हे दुकान एकच होतं, पण आत शिरल्यावर दोन वाटायचं. डाव्या हाताला शिवशरणचे मोबाइल, त्यांची रंगीत कव्हरं, चार्जर, आणि दिवसभर कुणाची ना कुणाची वाजत राहणारी रिंगटोन. उजव्या हाताला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कपाट, आणि त्यात एका जुन्या स्कूटरचे सुटे भाग. ती स्कूटर बनवणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं. बंद करताना मुंबईच्या एजंटानं सगळा साठा विकायला काढला, आणि शिवलीलाच्या नवऱ्यानं, महालिंगनं, तो ट्रक भरून आणला. लोक ही गाडी सोडायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. म्हणणं खरं होतं, फक्त ते खरं व्हायला आठ-नऊ वर्षं लागली आणि तेवढं थांबायला महालिंग उरला नाही.

"वैनी, ह्या कपाटात कव्हरं लावली तर म्हैन्याला किती माल फिरंल, म्हाईत हाय का?" शिवशरणचा आवाज मुळातच मोठा, तो रागावलाय की नुसता बोलतोय हे परक्याला कळत नसे. "आनि तुमी रबरं फडक्यानं पुसत बसलाईसा."

"नुसतं पुसत न्हाई, इकतोय मी. गेल्या म्हैन्यात गुवाहाटीला गेलंय आपलं रबर."

"गेलं की! त्यातलं निम्मं त्या वेबसाइटनं खाल्लं, ऱ्हायलेलं रिक्षानं आनि कुरियरनं. तुमच्या हाताला काय लागलं, सांगा की."

हे खरं होतं, म्हणून शिवलीलाला जास्त राग आला. पण ती व्यवहारातली बाई होती. नवऱ्यामागं तिनं गल्ला सांभाळला होता, धाकट्या दिराचं लग्न लावून दिलं होतं, मुलीला इचलकरंजीत दिलं होतं. खोटं बोलून कपाट वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"दसऱ्यापतूर थांबा, भावजी," ती म्हणाली. "तवर माजी केशरी फीत झाली तर कपाट माजं. न्हाई झाली तर मी सोता पिराजीला काटा लावून दीन."

"बगा हां. शबूद दिलाईसा."

"दिला."

पिराजीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, चहा संपवला आणि दसऱ्याला येतो म्हणून निघून गेला. ही २००७ सालातली, श्रावणातली गोष्ट.

ही केशरी फीत काय भानगड आहे, हे शिवलीलाला समजावून सांगितलं होतं प्रेरणानं. दोन गल्ल्या सोडून प्रेरणाचा सायबर कॅफे होता. बी.कॉम. झालेली, तोंडानं फटकळ, पण शिवलीलाकाकूंसाठी कोपऱ्यातलं यंत्र राखून ठेवणारी पोरगी. दुपारी दुकान थोडं थंडावलं की काकू तिथं येत, चष्मा चढवत आणि हाटबझार नावाच्या वेबसाइटवर आपला माल मांडत. देशभरातले लोक तिथं विकायला आणि घ्यायला यायचे.

"हे यस्टीसारखं हाय बघा, काकू," प्रेरणानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "निळी फीत म्हंजे लाल डबा. शंभराला बारा रुपये कमिशन, फोटो टाकायला वेगळे पैसे, आणि तुमचा माल दिसणार पार शेवटच्या पानावर. हिरवी म्हंजे निमआराम. कमिशन नऊ. आणि केशरी म्हंजे एकदम व्हॉल्वो. कमिशन पाच, फोटो फुकट, तुमचं नाव सगळ्यांच्या वर. कुरियरवाला दारात येऊन माल उचलतो. आणि काही अडलं तर फोन उचलायला जिवंत माणूस."

"आनि आमाला आत्ता कोन हाय?"

"तुम्हाला ईमेल. उत्तर मशिनच देतंय."

शिवलीलानं बोटांवर हिशेब केला होता. "म्हंजे ज्येचं आधीच बरं चाललंय त्येच्याकडनं कमी घ्यायचं, आनि ज्येचं चालंना त्येच्याकडनं जादा. ही कुटली रीत?"

"आपल्या गावात तरी दुसरी कुठली हाय, काकू?" प्रेरणा म्हणाली होती.

केशरी फितीला दोन अटी होत्या. वर्षात ठरावीक माल विकला पाहिजे, तो काकूंनी कधीच विकला होता. दुसरी अट, शंभरातली अठ्ठ्याण्णव गिऱ्हाइकं खूश पाहिजेत. तिथं घोडं अडलं होतं. माल चोख, बांधणी अशी की पार्सल ट्रकखाली आलं तरी आतली काच शाबूत राहावी, दुसऱ्या दिवशी रवाना. तरीही दर तीन महिन्यांनी वेबसाइट हिशेब मांडायची आणि काकू आपल्या निळ्याच. पुढचा हिशेब होता दसऱ्याच्या आठवडाभर आधी.

श्रावण संपत आला तेव्हा एके दुपारी प्रेरणा काकूंच्या मागं उभी राहून चहा पीत होती. सौदा पुरा झाला की विकणाऱ्यानंही गिऱ्हाइकाला चांदण्या द्यायच्या असतात, पाचापैकी. काकूंनी जबलपूरच्या एका गिऱ्हाइकासमोर चार चांदण्या दाबल्या.

"ह्यानं काय केलं तुमचं?" प्रेरणानं विचारलं.

"काय न्हाई. लई चांगला मानूस. त्याच दिवशी पैसं भरलं."

"मग चारच?"

"चांगला हाय म्हनूनच की."

प्रेरणानं चहा बाजूला ठेवला. "आणि वाईट माणसाला किती देता?"

"पाच," काकू शांतपणे म्हणाल्या. "तो मीरतचा न्हाई का, केबल वापरून वर परत पाठवतो म्हनाला, शिव्या दिल्या. त्येला दिले पाच. काय व्हायचं ते होऊ दे त्येचं."

प्रेरणा पहिल्यांदा हसली, मग तिचा चेहरा बदलला. तिनं खुर्ची ओढली, काकूंच्या हातातला माऊस घेतला आणि मागची पानं उघडून बघायला लागली. तीन वर्षांची गिऱ्हाइकं. चार, चार, चार, मधेच कुठंतरी पाच, पुन्हा चार.

"काकू, अहो पाचाच्या खाली काहीही दिलं की वेबसाइट ती तक्रार धरते. ह्या लोकांच्या नावावर तुम्ही तक्रारी केल्याईत. त्यांचीबी पायरी उतरते. त्यांना आगाऊ पैसे भरायला लागतात. म्हणून त्यांनीबी तुम्हाला उलट चार दिल्याईत!"

शिवलीलानं चष्मा पुसून ती नावं पुन्हा वाचली. ज्यांचं भलं व्हावं म्हणून तिनं मन लावून एक चांदणी राखून ठेवली, ती सगळी माणसं तिच्यावर रुसून बसली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यात तिचा दोष म्हणावा तर फक्त एवढाच, की तिनं सासूचं ऐकलं. सासू चन्नम्मा कुरुंदवाडची. पोरांची डोकी मोजायची नाहीत, पीक बरं आलं तर "चाललंय" म्हणायचं, कुणी कितीही चांगलं रांधलं तरी मीठ थोडं इकडंतिकडं झालंय म्हणायचं. पुरं कौतुक केलं की दृष्ट लागते, हा तिचा कायदा. शिवलीला नवी सून होती तेव्हा याला हसायची. मग महालिंगनं दुकानाचा दुसरा गाळा घेतला. कपाट भरलं, पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि तो गाळ्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "आता काय कमी न्हाई बग, लीला." महिना भरायच्या आत तो छातीत दुखतंय म्हणाला आणि सीपीआर हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपला. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते सगळ्यांना पटलं. शिवलीलाला पटलं नाही. तिच्या लेखी त्या एका वाक्यानं घात केला होता. त्या दिवसापासून तिनं कुठलीच गोष्ट पुरी होऊ दिली नव्हती.

"आता ह्ये बदलता येतं का?" तिनं विचारलं.

"येतंय. दोघांची तयारी असली तर. पण आधी तुम्ही बदलायला पाहिजे. सगळ्यांना पाच."

शिवलीला घरी गेली. दोन दिवस कॅफेकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती थेट खुर्चीत बसली.

"लिव. मी सांगतो तसं लिव."

प्रेरणानं इंग्रजीत लिहिलं, काकूंनी मराठीत सांगितलं. की आमच्याकडं पुरं कौतुक करत नाहीत. तुम्ही चांगले होता म्हणून एक चांदणी कमी दिली, तुमचं चांगलंच राहावं म्हणून. त्यानं तुमचं नुकसान झालं हे मला ठाऊक नव्हतं. माफ करा. आता पाच देते. दृष्टीला इंग्रजीत काय म्हणावं यावर दोघींचा बराच वेळ गेला.

मग काकूंनी पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावापुढं पाचवी चांदणी दाबली. तेवढ्यावर त्या उठल्या आणि समोरच्या बूथवरून मुलीला, क्रांतीला, फोन लावला.

"बरी हाईस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? आई, पोळी करपाय लागलीय, ठेवू?"

दुसऱ्या दिवशी काहीच वाईट झालं नाही. नळाला पाणीसुद्धा वेळेवर आलं. काकूंनी आणखी तीन जणांना पाच दिल्या आणि पुन्हा क्रांतीला फोन केला. पुढं रोज थोड्या थोड्या चांदण्या आणि रोज एक फोन, असं चाललं. "आई, तुला नक्की काय झालंय?" असं क्रांतीनं विचारलं तेव्हा काकूंनी फोन ठेवून दिला.

आणि उत्तरं यायला लागली. गुवाहाटीचा रबरवाला म्हणाला, माझी आजी बाळांना वेडंबागडं म्हणायची, सुंदर कधीच नाही. चेन्नईच्या एकानं लिहिलं, आमच्या नव्या घरावर अजून कोहळा टांगलेला आहे, तुमचं मला शंभर टक्के पटलं. पतियाळाच्या सरदारजींनी आपल्या ट्रकच्या मागं लटकवलेल्या काळ्या जोड्याचा फोटो पाठवला. एकेकानं आपले चार पुसून पाच केले. प्रेरणा ती उत्तरं मराठी करून मोठ्यानं वाचायची आणि कॅफेत गेम खेळायला आलेली पोरं खेळ थांबवून ऐकायची. इतक्या वर्षांत शिवलीला एवढी कधी हसली नव्हती.

नवरात्र उंबऱ्यावर आलं तेव्हा आकडा सत्त्याण्णवावर येऊन थांबला होता. कपाळावर हात मारून घ्यावा असा थांबला होता. एकाच गिऱ्हाइकाचा फरक होता. ज्यांना बदलायचं होतं त्यांनी बदललं होतं, काहींनी नाही म्हणून कळवलं होतं. उरला होता एक जण, देवासचे जोतीराम काशीद. त्यांनी चार नव्हे, एकच चांदणी दिलेली. आणि उत्तरही दिलं नव्हतं.

"सोडा त्यांना," प्रेरणा म्हणाली. "अजून कोणतरी मिळंल."

"दोन दिसात कोन मिळनार?"

पार्सलच्या पत्त्याखाली त्यांचा फोन नंबर होता. शिवलीलानं दुकानातूनच फोन लावला. पलीकडं शिवशरण कुणाच्या तरी मोबाइलचं मागचं झाकण उघडत होता. त्यानं मान वर केली नाही, पण हात थांबवला.

"काशीदसाहेब हाईत का? मी कोल्हापुरातनं बोलतोय, महालिंग ऑटो."

"बोलतोय." आवाज कोरडा.

"साहेब, रागावलाईसा?"

"रागावू नको तर काय करू, बाई?" काशीदांनी एवढे दिवस कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. त्यांच्या मराठीत माळव्याची हिंदी मिसळलेली होती. "गाडी जिन्याखाली किती वर्षं धूळ खात होती. लग्नानंतर हिला त्याच गाडीवर घरी आणलं होतं मी. तुमचा चोक बसवला आणि दुसऱ्या किकला सुरू झाली! ही कणकेच्या हातानं बाहेर धावत आली. मी तुम्हाला सगळं लिहिलं. पाच स्टार द्यायला बसलो होतो. आणि तुम्ही? चार! मग मीही एकच दिला. उभी हयात बँकेत नोकरी केली मी, कुणाचे पैसे कधी उशिरा दिले नाहीत. माझ्यात काय कमी दिसलं तुम्हाला?"

"काय कमी न्हवतं, साहेब. म्हनूनच दिले चार."

"म्हणजे?"

"तुमी लिवलेलं वाचून मी रडलो. इथंच, गिऱ्हाइकापुढं." शिवलीलानं कपाटाला पाठ टेकली. "वाटलं, ह्या दोगांचं किती चांगलं चाललंय. कुनाची दृष्ट लागाय नको. आमच्या मालकांनी एकदाच म्हटलं, आता काय कमी न्हाई, आनि म्हैना भरला न्हाई साहेब, गेले. तवापासनं मी कुनाला पुरं दिलं न्हाई. ज्येला चार दिलं त्यो माजा मानूस. बाकीच्यास्नी पाच दिलं."

पलीकडं रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग काशीद कुणाला तरी हाक मारत होते, हळू आवाजात सांगत होते, एक बाईचा आवाज मधेच काही विचारत होता. शिवलीला रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली.

"बाई, ऐकताय?" काशीद परत आले. आवाज पार उतरला होता. "ही म्हणते, दृष्ट लागू नये म्हणून जपणाऱ्या मोठ्या भावाला एवढं बोलायची काय गरज होती, आधी विचारायचं तरी. आता भाऊ कुठून आला, मी म्हटलं, बाई आहे ती. तर म्हणे तेच ते." ते स्वतःशीच हसले. "मी आत्ता भाच्याकडून पाच करून घेतो. आज संध्याकाळच्या आत."

"लई उपकार झालं, साहेब. मीबी तुमचे लगेच पाच करतो."

"नको, नको!" काशीद घाईघाईनं म्हणाले. "माझे चारच राहू द्या."

"अवो, तुमची पायरी उतरती. आगाऊ पैसं भरायला लागत्यात."

"भरीन की. मी तुमच्याशिवाय घेतो कुणाकडून? पण ते चार काढू नका, बाई. गाडी आत्ताशी कुठं सुरू झालीय. रोज संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीपर्यंत जाऊन येतो."

शिवलीलानं रिसीव्हर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. शिवशरणनं झाकण उघडलेला मोबाइल उगाचच पुन्हा बंद केला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी कुरियरचा माणूस पत्ता विचारत गल्लीत शिरला. पाठीवर भली मोठी पिशवी, हातात पावत्यांचा गठ्ठा. महालिंग ऑटोचा माल आता रोज दारातून उचलायचा हुकूम आहे म्हणाला. शिवलीलानं त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि तीन पार्सलं हातात ठेवली. मग शिवशरणकडं बघितलं.

"चला, भावजी. कपाटाचा निकाल डोळ्यानं बगा."

शिवशरण पहिल्यांदाच प्रेरणाच्या कॅफेत आला. कोपऱ्यातल्या यंत्रासमोर बसून त्यानं केशरी फीत बघितली, कमिशनचा नवा आकडा दोनदा वाचला आणि माऊसचं चाक बोटानं फिरवत पान खाली सरकवत गेला. पाच, पाच, पाच. सगळ्या देशातली नावं, आणि प्रत्येकापुढं पाच चांदण्या. मधेच त्याचं बोट थांबलं.

"वैनी, समद्यास्नी पाच आनि ह्या एकालाच चार? ह्येनं काय केलं?"

"ते व्हय?" शिवलीला त्याच्या खुर्चीमागून वाकून बघत म्हणाली. "ते घरचं गिऱ्हाईक हाय."

शिवशरण चन्नम्माचाच मुलगा होता. एवढ्यावरून त्याला कळलं. खिशातून मोबाइल काढून त्यानं पिराजीला फोन लावला, उद्या जेवायला ये म्हणाला, काटा आणू नको म्हणाला, आणि उठून वहिनीला खुर्ची दिली.